नाव नाकावर, ओळख शेपटीवर: युद्धकाळातल्या लढाऊ विमानांची नोज आर्ट कशी वाचायची

रिक्षाच्या मागच्या काचेवर 'आई एकवीरा प्रसन्न' लिहिलेलं असतं. रिक्षा विकली जाते, नवा मालक ते खरवडून आपल्या लेकीचं नाव घालतो. जुना मालक नवी रिक्षा घेतो आणि तिच्यावर पुन्हा एकवीरा येते. आरटीओच्या लेखी मात्र दोन्ही रिक्षांचे नंबर जिथल्या तिथे असतात.

दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानांचंही असंच होतं. नाव वैमानिकाचं असायचं आणि तो ते एका विमानावरून दुसऱ्यावर घेऊन जायचा. नंबर विमानाचा असायचा, तो कारखान्यात मिळायचा आणि भंगारात जाईपर्यंत सुटायचा नाही. तरी जुना फोटो हातात आला की आपली नजर आधी नाकावरच्या नावा-चित्राकडे, म्हणजे नोज आर्टकडे जाते आणि तिथेच घोळ होतो.

माझाही झालाच. पहिलं मोठं मॉडेल केलं ते पी-४० या अमेरिकन लढाऊ विमानाचं. नाकावर शार्कचा जबडा, पंखांवर अमेरिकन तारे, आणि खाली पट्टी: 'फ्लाइंग टायगर्स'. एका ज्येष्ठ मॉडेलकाराने पाहिलं आणि एवढंच विचारलं, "तारे कुठून आले?" फ्लाइंग टायगर्स, म्हणजे अमेरिकन व्हॉलंटियर ग्रुप, चीनसाठी लढत होते. त्यांच्या विमानांवर चीनचा बारा किरणांचा सूर्य होता. ४ जुलै १९४२ ला तो ग्रुप बरखास्त झाला. जबड्यांची चाल पुढे चालू राहिली, पण ती विमानं दुसऱ्या तुकडीची होती.

तेव्हापासून मी एक क्रम पाळतो. तो मॉडेल करणाऱ्यांना उपयोगी आहे आणि आजोबांच्या पेटीत सापडलेला फोटो उलगडणाऱ्यालाही.

पहिली पायरी: फोटो सुलट आहे का?

मिळेल तितकी मोठी आणि मूळच्या जवळची प्रत घ्या. व्हॉट्सॲपवरून फिरून आलेल्या फोटोत शेपटीवरचे आकडे आधीच विरघळलेले असतात. लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमच्या संग्रहात आणि त्यांच्याच 'अमेरिकन एअर म्युझियम इन ब्रिटन' या संकेतस्थळावर हजारो फोटो चांगल्या आकारात पाहता येतात. आपल्या हवाई दलाच्या विमानांसाठी भारत रक्षक हे संकेतस्थळ चांगलं.

मग निगेटिव्ह उलटी छापली गेली आहे का ते बघा. अक्षरं दिसत असतील तर लगेच कळतं. नसतील तर विमानाच्या शरीराला विचारा. स्पिटफायरचं कॉकपिटचं छोटं दार डाव्या बाजूला असतं. पी-५१बी मस्टँगच्या काचेची डावी फळी खाली उघडते आणि वरची उजवीकडे. दार उजवीकडे दिसलं तर फोटो उलटा आहे.

डावी-उजवी एवढ्यासाठी महत्त्वाची की अमेरिकन लढाऊ विमानांवर डावी बाजू बहुधा वैमानिकाची असे. उजव्या बाजूला कित्येकदा क्रू चीफ (जमिनीवर विमानाची देखभाल करणारा प्रमुख) किंवा शस्त्रं सांभाळणारा आपलं नाव घाली, आपल्या प्रेयसीचं नाव घाली. एकाच विमानाला दोन नावं असणं नेहमीचं होतं. विमान दिवसातून काही तास वैमानिकाकडे असायचं, बाकीचा वेळ ते या लोकांचंच होतं, त्यामुळे मला तर तो हक्क रास्तच वाटतो.

दुसरी पायरी: शेपूट

अमेरिकन लष्कराच्या विमानांचा नंबर ज्या आर्थिक वर्षात ऑर्डर दिली त्या वर्षापासून सुरू होतो. ४४-१४४५० म्हणजे १९४४ च्या यादीतलं १४,४५० वं. शेपटीवर लिहिताना वर्षातला पहिला आकडा आणि मधली रेघ गाळत, म्हणून तिथे ४१४४५० दिसेल. उलट दिशेने वाचायचं तर पहिला आकडा वर्षाचा, त्याच्या आधी ४ जोडायचा आणि नंतर रेघ मारायची. ३६९१३ वाचलं की ४३-६९१३.

डाव्या बाजूला कॉकपिटच्या खाली इंचभर उंचीच्या अक्षरांत एक मजकूर असतो. त्यात पूर्ण मॉडेल आणि पूर्ण नंबर सापडतो, उदाहरणार्थ पी-५१डी-१०-एनए. यातलं १० म्हणजे उत्पादनाची खेप, आणि एनए म्हणजे कॅलिफोर्नियातल्या इंगलवूडचा कारखाना. एनटी असेल तर टेक्सासमधलं डॅलस. पी-५१बी आणि पी-५१सी हे फोटोवरून वेगळे सांगता येत नाहीत, कारण मुळात ते एकच विमान आहे. फरक फक्त कारखान्याचा.

ब्रिटिश विमानांवर एक अक्षर आणि चार आकडे किंवा दोन अक्षरं आणि तीन आकडे असा नंबर धडाच्या मागच्या भागावर असतो, साधारण आठ इंच उंचीचा. ही उंची लक्षात ठेवा, पुढे मोजमापाला कामी येईल.

नंबराची ताकद किती, ते २०२४ मध्ये दिसलं. अमेरिकेचा सर्वाधिक यशस्वी वैमानिक रिचर्ड बाँग, ४० विमानं पाडणारा. त्याच्या पी-३८ च्या नाकावर त्याची मैत्रीण मार्जोरी हिचा मोठा केलेला फोटो चिकटवला होता आणि शेजारी नाव होतं 'मार्ज'. ते विमान मार्च १९४४ मध्ये दुसराच वैमानिक चालवत असताना न्यू गिनीत कोसळलं. वैमानिकाने पॅराशूटने उडी मारली होती. ऐंशी वर्षांनी जंगलात अवशेष सापडले तेव्हा ओळख पटली ती पंखाच्या टोकावर उरलेल्या '९९३' या तीन आकड्यांवरून. विमानाचा पूर्ण नंबर होता ४२-१०३९९३.

तिसरी पायरी: धडावरची मोठी अक्षरं

इंग्लंडमधून लढणाऱ्या विमानांवर अमेरिकन ताऱ्याच्या किंवा ब्रिटिश वर्तुळाच्या एका बाजूला दोन अक्षरं असतात ती स्क्वाड्रनची, आणि दुसऱ्या बाजूला एक असतं ते त्या विमानाचं. व्हीएफ-टी म्हणजे चौथ्या फायटर ग्रुपच्या ३३६ व्या स्क्वाड्रनमधलं 'टी'. त्याच अक्षराचं दुसरं विमान आलं तर अक्षराखाली आडवी रेघ मारत. ती रेघ सुटली तर तुम्ही भलत्याच वैमानिकाचं विमान कराल.

नाकाच्या रंगावरून ग्रुप कळतो. चौथ्याचं लाल, ३५२ व्याचं निळं, ३६१ व्याचं पिवळं, ७८ व्याची काळी-पांढरी चौकट, ३५७ व्याची लाल-पिवळी. हे रंग आकाशात आपला कोण हे क्षणात ओळखण्यासाठी होते, सजावटीसाठी नव्हेत.

माझ्या शार्कबद्दलही इथेच सांगतो. जबड्याची ही चाल आधी जर्मन झेडजी ७६ या तुकडीच्या दोन इंजिनांच्या मेसरश्मिटवर होती. तिच्यावरून ब्रिटिशांच्या ११२ व्या स्क्वाड्रनने १९४१ मध्ये उत्तर आफ्रिकेत आपल्या टॉमहॉकवर, म्हणजे ब्रिटिशांच्या पी-४० वर, ती घेतली. त्याचा फोटो मासिकात पाहून बर्मातल्या अमेरिकन स्वयंसेवकांनी ती उचलली. पी-४० च्या हनुवटीखालचा हवेचा पोकळ भाग जबड्यासाठीच घडवल्यासारखा दिसतो, मोह न व्हावा तर नवलच. तेव्हा जबडा दिसला की धडाकडे जा. 'जीए' अक्षरं आणि ब्रिटिश वर्तुळ असेल तर ११२. चिनी सूर्य आणि शेपटीजवळ रंगीत पट्टा असेल तर फ्लाइंग टायगर्स: पांढरा पट्टा पहिल्या स्क्वाड्रनचा, निळा दुसऱ्या, लाल तिसऱ्या.

जबड्याऐवजी पांढरी कवटी दिसली तर तुम्ही आसामात आहात. ८० व्या फायटर ग्रुपच्या पी-४० वर, विशेषतः ८९ व्या स्क्वाड्रनच्या, पूर्ण नाकभर कवटी रंगवलेली असे. स्वतःला ते 'बर्मा बॅन्शीज' म्हणवत. बॅन्शी ही आयरिश लोककथांतली, मरण जवळ आलं की विलाप करणारी स्त्री. त्यांचा तळ दिब्रुगडजवळच्या नागाघुलीला होता आणि हिमालयावरून चीनला जाणाऱ्या मालवाहू विमानांची राखण हे त्यांचं मोठं काम. कवट्या हाताने काढलेल्या, त्यामुळे एकीचे दात दुसरीला नाहीत. एका विमानाची कवटी दुसऱ्यावर डिकल (मॉडेलवर चिकटवायचं छापील चित्र) म्हणून लावली की जाणकाराला ते लगेच खटकतं.

चौथी पायरी: फोटो कधीचा?

यासाठी नाकाकडे बघायची गरजच नाही.

अमेरिकन ताऱ्याच्या मधला लाल ठिपका मे १९४२ मध्ये काढला, जपानच्या लाल गोळ्याशी गल्लत होऊ नये म्हणून. जून १९४३ च्या अखेरीस ताऱ्याच्या दोन्ही बाजूंना पांढरे आयत आले, लाल किनारीसकट. काही आठवड्यांतच किनार निळी करण्याचा हुकूम निघाला. हुकूम निघाला म्हणजे त्याच दिवशी ब्रश फिरला असं समजू नका. लाल किनार पुढेही रेंगाळलेली दिसते.

काळे-पांढरे रुंद पट्टे दिसले तर फोटो बहुधा जून १९४४ चा किंवा नंतरचा. नॉर्मंडीच्या स्वारीआधी एक-दोन दिवसांत ते घाईघाईने मारले, म्हणून कडा वेड्यावाकड्या असतात. मॉडेलवर पट्टी लावून सरळ रेघा काढणारे लोक इथे जरा जास्तच शिस्त दाखवतात. वरचे पट्टे लवकर पुसले, धडाच्या पोटाखालचे बरेच महिने राहिले.

भारत-बर्मा आघाडीवर ब्रिटिश आणि भारतीय विमानांच्या वर्तुळातला लाल रंग काढून टाकला होता, कारण तोच. वर्तुळ फक्त निळ्या छटांचं किंवा निळं-पांढरं दिसलं तर विमान पूर्वेकडचं. अशाच स्पिटफायरवर १५२ व्या स्क्वाड्रनने वर्तुळातून झेप घेणारा काळा बिबट्या काढला होता. या स्क्वाड्रनच्या नावात कंसात 'हैदराबाद' येतं, आणि त्यामागे एक वेगळीच गोष्ट आहे.

पाचवी पायरी: आता नाक

आधी हे ठरवा की नाव वैमानिकाचं आहे की देणगीदाराचं. १९४० पासून ब्रिटनमध्ये आणि वसाहतींत 'स्पिटफायर फंड' निघाले. ५,००० पौंड भरले की एका स्पिटफायरवर तुम्ही सांगाल ते नाव, बहुधा पिवळ्या रंगात, जेमतेम चार इंच उंचीच्या अक्षरांत. मोठ्या देणगीला आख्खी स्क्वाड्रन नावाने ओळखली जाई. १२२ वी 'बॉम्बे', १३२ वी 'सिटी ऑफ बॉम्बे', १२४ वी 'बडोदा', १५२ वी 'हैदराबाद'. म्हणून स्पिटफायरच्या नाकावर एखाद्या संस्थानाचं नाव वाचून वैमानिक तिथला होता असा अर्थ काढू नये.

वैमानिकाच्या नावांत बहुतेक भरणा बायका-मैत्रिणींचा. चक यीगरने मस्टँगवर 'ग्लॅमरस ग्लेन' लिहिलं ते ग्लेनिससाठी. तेच नाव पूर्ण रूपात १४ ऑक्टोबर १९४७ ला ध्वनीचा वेग ओलांडणाऱ्या एक्स-१ वर गेलं. टॉमी मॅग्वायरच्या पी-३८ वरचं 'पजी' हे बायकोचं लाडाचं नाव, एकापाठोपाठ पाच विमानांवर आकडा वाढवत नेलेलं. जॉर्ज प्रेडीचं 'क्राइप्स ए'मायटी' म्हणजे फासे टाकताना तो जे ओरडायचा ते. मला सगळ्यांत घर करून राहिलेलं नाव जॉन गॉडफ्रेचं: 'रेजीज रिप्लाय'. रेजी त्याचा भाऊ. त्याचं जहाज जर्मन पाणबुडीने बुडवलं, त्यात तो गेला. विमान म्हणजे रेजीचं उत्तर.

चित्रं मात्र सगळीकडे सारखी चालत नसत. अमेरिकेच्या लष्करी हवाई दलात मोकळीक होती. चौथ्या ग्रुपमध्ये तर डॉन ॲलन नावाचा क्रू चीफच एवढा हातखंडा चित्रकार होता की त्या तळावरच्या बऱ्याच विमानांवर त्याचा हात ओळखू येतो. ब्रिटिशांकडे चित्र असलंच तर छोटं, कॉकपिटजवळ. इयन ग्लीडच्या विमानावर फिगारो मांजर स्वस्तिकावर पंजा मारताना दिसतं. जर्मन ॲडॉल्फ गॅलंडकडे चिरूट ओढणारा मिकी माऊस होता, डिस्नीला सीमा नव्हती म्हणायची. अमेरिकन नौदल सगळ्यांत कडक. त्यांच्या व्हीएफ-२७ या स्क्वाड्रनच्या हेलकॅट विमानांवर मांजराचे जबडे होते. २४ ऑक्टोबर १९४४ ला त्यांचं प्रिन्स्टन हे विमानवाहू जहाज बुडालं, हवेत असलेली विमानं दुसऱ्या जहाजांवर उतरली आणि तिथे त्यांचे जबडे रंगाखाली गेले.

शब्दांची नक्कल करताना स्पेलिंग सुधारू नका. रंगाऱ्याने चूक केली असेल तर तुमच्याही मॉडेलवर ती चूक हवी.

सहावी पायरी: काळ्या-पांढऱ्यातून रंग

त्या काळच्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल दिसतच नाही म्हटलं तरी चालेल. लाल आणि पिवळा गडद उमटतात, निळा फिकट. पॅनक्रोमॅटिक फिल्मवर लाल आणि निळा जवळपास एकाच राखाडीत येतात. म्हणून रंग अंदाजाने ठरवायचा नाही. त्याच फोटोत ज्याचा रंग पक्का माहीत आहे अशी वस्तू शोधा. ब्रिटिश वर्तुळात लाल आणि निळा शेजारी शेजारी असतात, त्यांच्या छटा पाहिल्या की फिल्म कोणती ते कळतं. मग नावाच्या अक्षरांची छटा त्यांच्याशी ताडून बघा.

संगणकाने रंगवलेले फोटो पुरावा म्हणून वापरू नका. त्यातला निळा त्या यंत्राला सुचलेला निळा आहे.

सातवी पायरी: कागद

नंबर आणि तारीख हातात आली की कागदपत्रं बोलू लागतात. ब्रिटिश स्क्वाड्रनच्या नोंदवह्या लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत. त्यातला फॉर्म ५४१ कोणत्या दिवशी कोणी कोणतं विमान नेलं ते नंबरासकट सांगतो. अमेरिकन विमान परतलं नसेल तर बेपत्ता विमानाचा अहवाल असतो. त्यात विमानाचा, इंजिनाचा, मशीनगनचासुद्धा नंबर असतो, आणि टोपणनावासाठी एक रकाना.

एक उदाहरण पूर्ण करू. 'ओल्ड क्रो', वैमानिक बड अँडरसन, ३५७ वा ग्रुप, इंग्लंडमधलं लेस्टन. तुमच्याकडे तीन फोटो आहेत. एकात जुन्या काचेचं मस्टँग, एकात फुग्यासारख्या काचेचं हिरवं मस्टँग, एकात तसंच पण चकचकीत उघड्या धातूचं. तिन्हींवर 'ओल्ड क्रो' आणि बी६-एस. किती विमानं?

नाव वाचून कोणी एक म्हणेल, रंग पाहून कोणी तीन. शेपूट वाचा. पहिल्यावर ३२४८२३, म्हणजे पी-५१बी. दुसऱ्या-तिसऱ्यावर ४१४४५०, म्हणजे ४४-१४४५०, एकच पी-५१डी. उत्तर दोन. हिवाळ्यात बर्फ पडल्यावर हिरवं विमान उठून दिसतं, असं अँडरसन सहज बोलून गेला आणि त्याच्या माणसांनी रातोरात पेट्रोलमध्ये भिजवलेल्या फडक्यांनी घासून सगळा रंग उतरवला. सकाळी त्यांचे हात सोललेले पाहून त्याला फार वाईट वाटलं. म्हणजे हिरवा फोटो आधीचा, चंदेरी नंतरचा, आणि दोन्ही खरे.

नावाचं म्हणाल तर, न पिणाऱ्यांना तो सांगायचा की कावळा हा सगळ्यांत हुशार पक्षी आहे म्हणून. पिणाऱ्यांना त्या नावाची केंटकीची व्हिस्की ठाऊक होती. मे २०२४ मध्ये १०२ व्या वर्षी तो गेला. आज हवाई प्रदर्शनांत उडणारी 'ओल्ड क्रो' दिसली तर फोटो जरूर काढा, पण तिच्यावरून १९४४ चे बारकावे उतरवू नका. अंगावर रंग त्याचा आहे, विमान दुसरं आहे.

आठवी पायरी: मॉडेलवर

नावाची लांबी काढायला फोटोत माहीत असलेलं माप शोधा. पी-५१ च्या पुढच्या चाकाचा टायर २७ इंच व्यासाचा. पडद्यावर चाक ४० मिलिमीटर आणि नाव ६० मिलिमीटर भरलं, तर खरी लांबी २७ गुणिले ६० भागिले ४०, म्हणजे ४०.५ इंच, साधारण १,०२९ मिलिमीटर. १/४८ प्रमाणाच्या मॉडेलवर ते २१.४ मिलिमीटर होईल, १/७२ मध्ये १४.३. एक खोट मात्र यात आहे. जवळचं चाक कॅमेऱ्याला नाकापेक्षा जवळ असतं, म्हणून मोठं दिसतं आणि नाव कमी भरतं. नाकावरच्याच पत्र्याच्या दोन सांध्यांमधलं अंतर चांगल्या आराखड्यावरून घेतलं तर हिशेब जास्त खरा येतो.

देणगीच्या स्पिटफायरवरची चार इंची अक्षरं १/७२ मध्ये १.४ मिलिमीटर होतात. ती हाताने काढायच्या भानगडीत पडू नका.

डिकल घरी छापणार असाल तर साधा प्रिंटर पांढरा रंग छापत नाही, हे आधी डोक्यात बसवा. पारदर्शक कागदावर छापलेलं पिवळं नाव हिरव्या धडावर गेलं की गायब होतं. पांढऱ्या डिकल कागदावर, भोवतीचा धडाचा रंगही जुळवून छापा, किंवा आधी त्या जागी पांढऱ्याचा नेमका आकार द्या. छापल्यावर एक दिवस वाळू द्या, मग वार्निशचे दोन-तीन अगदी हलके फवारे. पहिलाच जाड बसला तर शाई पसरते. मॉडेलवर लावायच्या जागी आधी चकाकी असलेलं वार्निश हवं. खडबडीत मॅटवर डिकलखाली हवा अडकते आणि चंदेरी डाग दिसतो. मॅटचा शेवटचा हात डिकल पक्कं बसल्यावर.

एक शेवटची अडचण उरते आणि तिला तोड नाही. तुमच्याकडे डाव्या बाजूचा फोटो आहे, उजव्याचा नाही. तिथे डाव्याचीच नक्कल लावावी असं हात म्हणतो. लावू नका. तिथे क्रू चीफच्या बायकोचं नाव असेल, काहीच नसेल. माझ्या कपाटात एक मस्टँग तीन वर्षं उजवी कूस भिंतीला लावून उभं आहे.